रायफलचा बोल्ट जड जातो तेव्हा

२०२४ साली आपल्याकडे दोनदा आचारसंहिता लागली. सातारा आणि सांगलीत लोकसभेचं मतदान ७ मे रोजी झालं, विधानसभेचं २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळेला कितीतरी परवानाधारकांनी आपली हत्यारं जमा केली. ती काही आठवड्यांनी घरी परत आली, पेटीतून बाहेर निघाली, आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा मुठीचा दांडा, ओढला तर तो खरखरत, अडखळत मागं आला. त्या दिवसांत मला जेवढे फोन आले त्यातल्या निम्म्या फोनवर प्रश्न एकच होता, "बोल्ट जड जातोय, लेथवाल्याकडून जरा घासून घेऊ का?"

घासून घेऊ नका. मी साताऱ्यात बरीच वर्षं .२२ रायफलनं ५० मीटरवर नेमबाजी करतो, आणि घरात वडिलांपासून चालत आलेली .३१५ आहे. या काळात हाताखालून गेलेले जड बोल्ट आठवले, तर बहुतेक मळलेले होते, चुकीच्या तेलानं चिकटलेले होते किंवा त्यांना ओढणारा हात चुकीचा होता. धातू कमी करण्याची गरज असलेला बोल्ट क्वचितच दिसला. हा लेख नव्यानं क्लबात आलेल्या मुलामुलींसाठी आणि घरची रायफल नुकतीच आपल्या नावावर झालेल्यांसाठी आहे. घरच्या घरी, कायद्यात राहून आणि हत्याराला इजा न करता जेवढं करता येतं तेवढंच सांगतो. ते भरपूर आहे.

हात लावण्याआधी

मॅगझिन काढा. बोल्ट पूर्ण मागं ओढा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, आधी डोळ्यानं बघा आणि मग करंगळीचं टोक टेकवून चाचपा. संध्याकाळच्या उजेडात .२२ चं काडतूस चेंबरच्या काळोखात दिसत नाही, बोटाला मात्र त्याची कड लागते. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. बोल्ट सहज चालतो का हे बघायला घरात खरं काडतूस वापरायचं नाही, एकदासुद्धा नाही. त्यासाठी डमी काडतुसं मिळतात. ती नसतील तर काडतूस घालून करायची तपासणी रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवून करा.

कायद्याचं थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती, तिच्यातले बदल आणि चाचणी ही कामं त्यासाठीचा परवाना असलेल्यानंच करायची असतात. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याचा हात सोन्याचा असला तरी त्याच्याकडे तो परवाना नसतो. बोल्ट त्याच्या हातात देऊन तुम्ही स्वतःबरोबर त्यालाही अडचणीत आणता. पुसणं, साफ करणं, तेल देणं हे मात्र मालकाचं नेहमीचं काम आहे.

जडपणा नेमका कुठं आहे

नवा माणूस म्हणतो, "बोल्ट जड आहे." एवढ्यानं काही कळत नाही. बोल्टच्या चार हालचाली असतात: मूठ वर उचलणं, मागं ओढणं, पुढं ढकलणं आणि मूठ खाली पाडणं. रायफल टेबलावर नीट टेकवा, डोळे मिटा आणि या चारही हालचाली अगदी हळू करा. घोटाळा कुठल्या हालचालीत आहे ते हाताला कळेल.

त्याआधी एक गोष्ट माहीत हवी. थोडा जडपणा बोल्टच्या घडणीतच असतो, तो जाणार नाही आणि जाऊही नये. बोल्टच्या पोटात काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनेची जाड स्प्रिंग असते आणि ती कधी ना कधी दाबावीच लागते. माउझर पद्धतीच्या रायफलमध्ये ती मूठ उचलताना दाबली जाते, म्हणून उचलणं जड आणि बंद करणं हलकं. ली-एनफिल्डमध्ये उलटं आहे. तिथं मूठ सहज उचलली जाते, पण बोल्ट पुढं नेताना शेवटच्या टप्प्यात एकदम जोर लागतो, कारण स्प्रिंग तेव्हा दाबली जाते. आपल्याकडे परवान्यावर दिसणारी इशापूरच्या कारखान्याची .३१५ ही ली-एनफिल्डच्याच घडणीची. तिच्या त्या शेवटच्या जोराला बिघाड समजून लोक कारागिराकडे धावतात. माउझरची मूठ जवळजवळ ९० अंश उचलावी लागते, ली-एनफिल्डची साधारण ६०. म्हणून एकीची सवय असलेल्याला दुसरी विचित्र वाटते. तुमची रायफल कुठल्या जातीची आहे हे आधी ओळखा, मग तिला दोष द्या.

आता खरे दोष. रिकाम्या रायफलची मूठ उचलताना करकर जाणवली, तर बोल्टच्या मागच्या भागातला तिरका उतार कोरडा पडलेला असतो. त्या उतारावरून कॉकिंग पीस, म्हणजे फायरिंग पिनेचा मागचा तुकडा, चढतो. ओढताना किंवा ढकलताना वाळूवरून चालल्यासारखं वाटलं, तर बोल्ट ज्या खोबणीतून सरकतो तिथं घाण आहे. ढकलताना फक्त भरलेल्या मॅगझिनवरच अडखळत असेल, तर दोष मॅगझिनचा किंवा काडतुसं भरण्याच्या पद्धतीचा. मूठ पाडताना शेवटी स्पंजावर दाबल्यासारखं वाटलं, तर चेंबरच्या तोंडाशी किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस चेंबरमधून मागं ओढून काढणाऱ्या भागाच्या, नखाखाली मळ साठलाय.

बार झाल्यानंतरच मूठ उचलायला जड जात असेल, रिकामी असताना नाही, तर तिथंच थांबा. चेंबर घाण किंवा तेलकट असेल, काडतुसं उन्हात तापली असतील, काडतूस जुनं किंवा चुकीचं असेल. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते ती आतला दाब जास्त झाल्यामुळंही असू शकते. मुठीवर हाताचा तळवा हाणून पुढचा बार काढायचा नाही. रायफल रिकामी करा आणि जाणकाराला दाखवा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर काडतुसांचा डबा ठेवून चहा प्यायला जाणारे मी पाहिलेत. डबा सावलीत ठेवा.

बोल्ट बाहेर काढणं

प्रत्येक रायफलची पुस्तिका वेगळं सांगते आणि तीच खरी. ढोबळमानानं, माउझर पद्धतीत डाव्या बाजूला मागं एक पट्टी असते, ती बाहेर ओढून धरली की बोल्ट सरळ मागं निघतो. बऱ्याच .२२ टार्गेट रायफलींमध्ये कळ दाबावी लागते किंवा चाप ओढून धरावा लागतो. ली-एनफिल्डच्या घडणीत बोल्ट मागं आणून त्याचं पुढचं डोकं वर फिरवून सोडवावं लागतं. परत बसवताना ते डोकं आट्यांवर पूर्ण आत फिरवलेलं आणि सरळ रेषेत असलं पाहिजे.

बोल्ट बाहेर असताना मागचा कॉकिंग पीस चुकून फिरवू नका. तो खाचेतून सुटला की बोल्ट परत आत जात नाही, आणि नवा माणूस घाबरून हातोडी शोधायला लागतो. हातोडी नको. मागचा भाग घट्ट धरून, स्प्रिंगविरुद्ध फिरवून तो पुन्हा खाचेत बसवायचा असतो. पहिल्यांदा कुणा अनुभवी माणसाकडून करून घ्या. बोल्टच्या आतली स्प्रिंग आणि पिन मात्र सुरुवातीला खोलू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर डोळा जाऊ शकतो.

क्लबात एकाच कंपनीच्या तीन-चार रायफली असतात आणि साफ करताना सगळ्यांचे बोल्ट एकाच टेबलावर येतात. बोल्टवरचा नंबर आणि रायफलवरचा नंबर जुळवूनच परत घाला. दुसऱ्या रायफलचा बोल्ट आत जातो, बंदही होतो, पण बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांतलं अंतर बदललेलं असू शकतं. ते अंतर चुकलं तर पुंगळी फाटते.

साफसफाई

इथं घाई करायची नाही. या एका कामात निम्म्याहून जास्त जडपणा जातो.

मागच्या हिवाळ्यात विट्याकडची एक मुलगी रेंजवर आली होती. थ्री पोझिशनची, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं नेमबाजी करण्याच्या प्रकाराची, तयारी करत होती आणि तिच्या .२२ चा बोल्ट बंद करताना दर चौथ्या-पाचव्या काडतुसाला तिला अंगठ्यानं दाबावं लागत होतं. म्हणाली, "दादा, चेंबर मोठं करून घ्यावं लागेल असं सांगितलंय एकानं." मी बोल्ट काढायला सांगितला. वरून तो चकचकीत होता, रोज पुसत होती बिचारी. दात कोरायच्या लाकडी काडीचं टोक एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली घातलं आणि हळूच फिरवलं, तर राखाडी रंगाचा, बोटानं चुरला तर मेणासारखा लागणारा एक खडा निघाला, तीळ असतो ना, तेवढा. मग बोल्टच्या तोंडाच्या गोल खळगीत काडी फिरवली तर तसाच मळ वाटोळा निघाला, नखाच्या कडेसारखा. .२२ च्या गोळीला बाहेरून मेणासारखं वंगण लावलेलं असतं. ते, शिसं आणि न जळलेली दारू मिळून हा थर बनतो आणि काडतुसाची कड पूर्ण टेकू देत नाही. चेंबरमधून टर्पेंटाइन लावलेला ब्रश चार वेळा फिरवला, कोरड्या चिंद्या घातल्या. पहिली काळी निघाली, तिसरी राखाडी, सहावी जवळजवळ पांढरी. त्यानंतर तिनं ४० बार काढले आणि एकदाही अंगठा लावावा लागला नाही.

आता क्रमानं. जुनी सुती चिंदी, एक जुना टूथब्रश, लाकडी काड्या, चेंबरला बसणारा कांस्याच्या तारांचा ब्रश आणि थोडं मिनरल टर्पेंटाइन किंवा बंदुकीसाठी मिळणारं सॉल्व्हंट एवढं पुरतं. रॉकेल मिळत असेल तर तेही चालतं. पेट्रोल अजिबात नको, गॅसच्या शेगडीजवळ हे काम अजिबात नको, आणि खिडकी उघडी ठेवा.

बोल्टच्या दांड्यावरचं जुनं तेल आधी पूर्ण काढा. वाळून तपकिरी झालेलं तेल वार्निशसारखं चिकटतं, ते नुसत्या फडक्यानं जात नाही. सॉल्व्हंट लावून पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग टूथब्रशनं घासा. बोल्टचे कान, म्हणजे बंद बोल्टला जागच्या जागी अडकवून धरणारे पुढचे किंवा मागचे ते उभे लग, त्यांच्या मागच्या बाजूला बघा. बार होताना सगळा दाब त्याच बाजूवर येतो आणि घाणही तिथंच दबून बसते. मग रायफलीतली खोबणी. सळईला चिंदी गुंडाळून ती दोन्ही बाजूंनी आतपर्यंत पुसा. लग ज्या कोनाड्यात फिरून बसतात तो कोनाडा चेंबरच्या मागं काळोखात असतो आणि सगळे तो विसरतात. टूथब्रशचं डोकं वाकवून किंवा काडीला चिंदी बांधून तिथं पोचा. दारूची राख, लाकडाचा भुसा, कधी कधी चिंदीचेच धागे तिथून निघतात.

नळी साफ करायची तर शक्यतो चेंबरकडून तोंडाकडे. अपशिंगे मिलिटरी या गावचे एक निवृत्त हवालदार काका आमच्याकडे यायचे, त्यांची शिस्त अशी: पुल-थ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, ४ बाय २ इंचाची चिंदी लावायची, एका दमात ओढायची, मध्ये थांबायचं नाही. तेलाची चिंदी त्याहून थोडी अरुंद. पोरांनी चिंदी घडी करून जाड केली की ते शांतपणे ती काढून घ्यायचे, कारण नळीत अडकलेली चिंदी काढताना होणारं नुकसान त्यांनी पाहिलेलं होतं.

बोल्टवर गंजाचा हलका तांबूस थर आला असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी जाड सुती कापडानं घासून पुसा. पॉलिश पेपर घेऊ नका. घरात पितळेची भांडी चमकवायला असतं ते पॉलिशही बोल्टच्या कानांना लावू नका, त्यात घासणारी पूड असते.

सांगलीकरांसाठी वेगळं सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी घराघरात शिरलं होतं. पुराच्या पाण्यात बुडालेली रायफल वरून पुसून भागत नाही. लाकडी दस्ता आणि लोखंड यांच्या मध्ये गाळ जातो, ओल महिनोन् महिने राहते. ती परवानाधारक कारागिराकडून पूर्ण खोलूनच घ्यावी. भिजलेली काडतुसं वापरू नका, वाळवून तर मुळीच नको.

तेल: कुठलं, किती, कुठं

हे मी स्वतः चुकून शिकलो. सुरुवातीला घरात जे तेल असेल ते लावायचो, आणि घरात खोबरेल होतं. जानेवारीतली सकाळ, थंडी चांगली पडलेली. पहिल्या बाराला चाप ओढला तर नुसतं मऊ 'टक्'. नळी टार्गेटकडेच ठेवून थांबलो, अर्ध्या मिनिटानं बोल्ट उघडला. काडतुसाच्या कडेवर पिनेची खूण होती, पण पुसट, नखानं ओरखडल्यासारखी. दुसऱ्यालाही तेच. काकांनी बोल्ट हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "पोरा, हे डोक्याला लावायचं." साधारण २४ अंशांखाली खोबरेल बाटलीत गोठतं हे कुठल्याही घरातल्या बाईला माहीत असतं. माझ्या बोल्टच्या पोटातही ते गोठलं होतं आणि पिनेची धाव मंदावली होती. शेंगदाणा, करडई, मोहरी यांचीही गत वेगळी नाही. खायची तेलं हवेत राहून चिकट होतात आणि पुढं कडक.

शिलाई मशीनचं पातळ तेल किंवा बंदुकीसाठीचं खनिज तेल घ्या. गंज सोडवायचा निळा-पिवळा स्प्रे सगळ्यांच्या घरात असतो. तो पाणी हटवायला आणि जाम सुटायला चांगला, पण वंगण म्हणून टिकत नाही. तो मारून रायफल सहा महिने कपाटात ठेवली तर बोल्ट पुन्हा कोरडाच निघणार.

किती? टाचणीच्या डोक्याएवढा थेंब बोटावर घेऊन बोल्टच्या दांड्यावर पसरवा, मग कोरड्या कापडानं पुसून टाका. पुसल्यावर जे उरतं तेच हवं. लगांच्या मागच्या बाजूला आणि कॉकिंगच्या त्या तिरक्या उतारावर मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस. या दोन जागा लोखंडावर लोखंड दाबून फिरतं अशा आहेत, तिथं पातळ तेल टिकत नाही. उतारावर ग्रीस लागल्याबरोबर मूठ उचलण्यातला फरक लगेच हाताला जाणवतो. बोल्टचं तोंड आणि चेंबर मात्र कोरडं ठक्क. बार झाल्यावर पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला धरते आणि दाबाचा काही भाग भिंत पेलते. भिंत तेलकट असेल तर पुंगळी घसरते आणि तो भार सगळा बोल्टवर येतो. काडतुसांना तेल लावून "सरकतात छान" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आपल्या दोन जिल्ह्यांत हवा एकसारखी नाही, त्यामुळं तेलाचा हिशोबही एकसारखा नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात धुरळा इतका की जास्त तेल म्हणजे त्यात धूळ कालवून तयार झालेली घासायची लेपी. तिथं तेल अगदी नावाला आणि पुसणं वारंवार. जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळा या पट्ट्यात पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तिथं थर थोडा जाड ठेवा, आणि रायफल फोमच्या किंवा चामड्याच्या कव्हरात बंद करून ठेवू नका. कव्हर ओल धरतं आणि गंज आतून चढतो. कव्हर फक्त नेण्याआणण्यापुरतं.

हात

बोल्ट हा लांब खोबणीत सरकणारा दांडा आहे. कपाटाचा जुना लाकडी खण एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन अडकतो, मधोमध धरला की सरळ येतो. बोल्टचंही तसंच होतं. मूठ एका बाजूला असते. ती अंगठा आणि बोटांच्या चिमटीत आवळून स्वतःकडे खेचली की बोल्ट तिरपा होतो आणि खोबणीच्या कडेला घासतो. पूर्ण मागं आलेला बोल्ट थोडा डुलतो हे बघून नवा माणूस बिघाड समजतो. थोडं डुलणं घडणीतच असतं. ते त्रास देतं ते हात वाकडा लागला की.

मूठ उचला ती तर्जनीच्या मुळाशी, तळव्याच्या कडेनं, आवळून न धरता. मागं न्या ती सरळ, नळीच्या रेषेत, खांद्याच्या दिशेला नाही. आणि पूर्ण मागं न्या, ठोका लागेपर्यंत. नवे लोक हत्यार जपायचं म्हणून अर्धवट, भीत भीत ओढतात. त्यात दोन घोटाळे होतात: पुंगळी बाहेर फेकली जात नाही, कारण बऱ्याच रायफलींत ती फेकणारा भाग शेवटच्या टप्प्यातच लागतो, आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस बोल्टसमोर वर येत नाही. मग जुनी पुंगळी आणि नवं काडतूस तोंडाशी एकमेकांत अडकतं. अशा वेळी जोर लावून पुढं ढकलू नका. नळी टार्गेटकडे, मॅगझिन काढा, बोल्ट मागं, अडकलेलं बोटानं काढा.

पुढं ढकलतानाही मधे थांबू नका. एका लयीत पुढं, आणि शेवटी मूठ खाली. ली-एनफिल्ड घडणीत शेवटच्या जोराआधी थांबलात तर तो दुप्पट वाटतो, वेगात गेलात तर जाणवतही नाही. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश फौजेत याच बोल्टवर ३०० यार्डांवरच्या टार्गेटवर मिनिटाला १५ बार नेमानं काढण्याची परीक्षा असायची. ते जमायचं ते लयीमुळं.

शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकाराच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं प्रत्येकी २० अशा ६० गोळ्या असतात, आणि प्रत्येक गोळीला बोल्ट हातानंच चालवावा लागतो. तिन्ही स्थितींत हाताचा कोन वेगळा असतो. सराव करताना फक्त टेबलावर करू नका, झोपून करा, गुडघ्यावर करा. झोपून करताना दस्ता खांद्यातून हलू न देता बोल्ट चालतो का बघा. हलत असेल तर बोल्ट जड नाही, तुमचा डावा कोपर चुकीच्या जागी आहे.

मी नव्यांना सांगतो: साफसफाई आणि तेल झाल्यावर, रिकाम्या रायफलीवर, चाप न ओढता, रोज ५० वेळा बोल्ट चालवा. दोन आठवडे. लोखंड लोखंडाला आपोआप मुलायम करतं, आणि त्याच वेळात हातही शिकतो. रोज शेवटी पुसून थेंबभर तेल. चाप का ओढायचा नाही? .२२ मध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. काडतूस नसेल तर काही रायफलींत ती थेट चेंबरच्या कडेवर आदळते, तिथं बारीक टोचा पडतो, धातूची कणी वर येते आणि काडतूस आत जाताना अडकतं. काही टार्गेट रायफली रिकाम्या चालवायची मुभा देतात, पण ते पुस्तिकेत वाचल्याशिवाय गृहीत धरू नका.

मॅगझिन आणि कडेची काडतुसं

.३१५ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागं गेली की ढकलताना वरचं खालच्याला ओढतं आणि दोन्ही अडकतात. भरताना प्रत्येक नव्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढं बसवा. एवढ्या एका सवयीनं 'बोल्ट अडकतो' ही तक्रार कितीतरी घरांतून जाते. मॅगझिनचे ओठ वाकलेत का, आतली पट्टी बोटानं दाबली की तिरकी न होता वर येते का, तेही बघा. ओठ पकडीनं वाकवून बघू नका, नवं मॅगझिन घ्या.

स्क्रू

दुर्बीण बसवल्यावर किंवा दस्ता काढून परत लावल्यावर बोल्ट अचानक जड झाला असेल तर संशय स्क्रूवर. दुर्बिणीच्या बैठकीचा स्क्रू गरजेपेक्षा लांब असला तर त्याचं टोक आत येऊन बोल्टला घासतं. दस्त्याचा पुढचा स्क्रू लांब असला तर तो लगांच्या वाटेत येतो, आणि फार आवळला तर मॅगझिनची पेटी चिमटीत सापडून सगळी रायफल किंचित वाकते. बोल्टच्या दांड्यावर मार्करनं काळं करा, दहा वेळा चालवा आणि काढून बघा. खोबणीच्या रेषेत लांब चमक आली तर ठीक. एकाच जागी बारीक, खोल ओरखडा आला तर तिथं वर कुठला स्क्रू येतो ते शोधा. स्क्रू अर्धा आटा सैल केल्यावर बोल्ट मोकळा झाला तर दोष सापडला. लांबी कमी करायचं काम कारागिराचं, आणि मार्कर पुसायला विसरू नका.

याच्या पुढं जाऊ नका

लगांना कानस, पॉलिश पेपर किंवा व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावू नका. तिथली एक-दोन दशांश मिलिमीटर जागाही बोल्ट आणि काडतूस यांतलं अंतर बदलते, आणि गेलेला धातू परत येत नाही. फायरिंग पिनेची स्प्रिंग कापून मूठ हलकी करणारेही आहेत. मूठ हलकी होते खरी, पण पिनेचा मार कमजोर होतो आणि काडतुसं फुसकी जायला लागतात. चापाच्या आतल्या भागांना हात लावणं तर रायफल पडल्यावर आपोआप बार होण्याला निमंत्रण आहे.

एवढं सगळं करूनही जडपणा राहिला तर परवानाधारक कारागिराकडे जा, परवान्याची प्रत सोबत घ्या आणि त्याला नुसतं "जड आहे" असं सांगू नका. चारपैकी कुठली हालचाल, रिकामी असताना की भरलेली असताना, बाराआधी की बारानंतर, मार्करचा ओरखडा कुठं आला, एवढं कागदावर लिहून न्या. परत आणल्यावर बोल्टचा नंबर जुळवा, रेंजवर पहिले पाच बार एकेक काडतूस हातानं घालून काढा, प्रत्येक पुंगळी उचलून तिच्या अंगावर चीर किंवा फुगवटा आहे का ते बघा, आणि मगच मॅगझिन भरा.